एकटा राहिला की घर कुरतडतो, मदत हवी आहे

आमचा जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा दीड वर्षाचा आहे, म्हणजे दात येण्याचं वय कधीच सरलं. तरी एकटा राहिला की सोफ्याच्या उशा, दाराची चौकट कुरतडतो; आम्ही घरात असलो की गुणी बाळ! सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरवतो, चेंडू खेळतो. कडू स्प्रे मारला, तर तोही चाटून टाकला. डॉक्टरांनी तपासलंय, तब्येत ठणठणीत आहे. पिंजऱ्यात ठेवलं की रडून गोंधळ घालतो आणि मारणं-ओरडणं आम्हाला करायचं नाही. ही जात मुळात कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी तयार केलेली, त्यामुळे नुसतं पळवून भागत नसावं. हुंगून शोधायचे खेळ कुणी नेमाने घेतलेत का? आणि हा उरलेला उत्साह आहे की एकटेपणाची भीती, हे ओळखायचं कसं?