बारावीनंतर थेट बी.फार्म (फार्मसीची डिग्री) की आधी डी.फार्म (डिप्लोमा)? बहिणीसाठी विचारतोय (चोपडा)

केळीबाग_चोपडा

राम राम मंडळी. लहान बहीण यंदा बारावी सायन्सला आहे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो). दहावीला चांगले होते, अकरावी जेमतेम निघाली, आता परत गाडी रुळावर आलीये. बायो मनापासून करते, केमिस्ट्री ठीकठाक, फिजिक्स म्हटलं की तोंड उतरतं. नीटचं डोक्यात नाही, औषधांमध्येच जायचंय हे तिचं स्वतःचं आहे, आम्ही कोणी भरवलेलं नाही. औषधाच्या पट्टीवर मागे काय लिहिलंय ते वाचत बसायची सवय लहानपणापासून.

घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) नादी लागूच नका, डी.फार्म करा, दोन वर्षांत हातात कागद, गावात मेडिकल टाकून देऊ, नंतर वाटलं तर डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला बी.फार्म. वडील म्हणतात शिकायचं तर डिग्रीच. मी मधे. त्यात मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला, नंबर कुठून मिळाला देव जाणे, आत्ता अमुक भरा सीट पक्की करून देतो, सीईटीला कमी पडले तरी चालेल. वडिलांनी ठेवून दिला पण आई घाबरलीये की आपल्याला मिळेल की नाही.

आम्ही ओबीसी, शेती आहे, उत्पन्न ८ लाखांच्या बरंच आत. थेट बारावीवरून बी.फार्मला लागायचं तर नेमकं काय काय लागतं? आणि मामांचं म्हणणं कितपत बरोबर? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ऐकीव नको.

शिरपूरची_थर्डइयर

दादा मी पण बारावीवरूनच थेट आले, गाव साक्रीकडचं, आता तिसऱ्या वर्षाला. सगळ्यात आधी फिजिक्सची भीती काढा तिच्या मनातून. सीईटीचा पीसीबी पेपर २०० मार्कांचा असतो, त्यात बायोचेच १००, फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५०. म्हणजे जिचं बायो चांगलं तिचा अर्धा पेपर तिच्या हातात आहे. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पेपरात बारावीचं ८० टक्के आणि अकरावीचं २० टक्के येतं, तेही अकरावीचे ठरावीक धडेच, ती यादी सीईटी सेलच्या साइटवर असते. अकरावी कच्ची राहिली म्हणता तर फक्त तेवढे धडे परत करा, सगळी अकरावी उकरत बसू नका. पुस्तक बोर्डाचंच, ओळ न् ओळ. आणि टायमर लावून कॉम्प्युटरवर मॉक द्यायला लावा, कारण पेपर ऑनलाइन असतो, आधी फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटं आणि मग बायोची ९०, बायो लवकर संपलं तरी मागे जाऊन फिजिक्स करता येत नाही.

बारावीचे मार्कही सोडून देऊ नका हं. मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर (किती टक्के मुलं आपल्या मागे, त्यावर) लागतं हे खरं, पण पात्रतेला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो मिळून ४५ टक्के लागतात, राखीवला ४०. आमच्या ओळखीतल्या एकीला सीईटीला छान होते आणि इथेच अडकली, खूप वाईट वाटलं.

आत आल्यावर काय असतं ते पण सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. पीसीबीवाल्यांना पहिल्या सेमला रेमेडियल मॅथ्स असतं, लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, पार लाप्लासपर्यंत. दहावीनंतर मॅथ्स सोडलेल्या मुली पहिल्या महिन्यात रडतात. पण निघतं, पेपर सोपा असतो. (मॅथ्स घेऊन आलेल्यांना तसंच रेमेडियल बायो.) बाकी पहिलं वर्ष खूप मस्त असतं खरंच. बोटाला टोचून स्वतःचं हिमोग्लोबिन काढायचं, सिरप करायचं, ओआरएसची पावडर तोलून पुड्या बांधायच्या. कॅलामाइन लोशन पहिल्यांदा केलं ना, ते खलात आधी थोडंच पाणी घालून घोटायचं असतं, घाईने सगळं पाणी ओतलं की गुठळ्या राहतात आणि बाटली हलवली तरी खाली गोळा बसतो, सर बघूनच सांगतात परत कर. तिथून मला कळलं की मला हेच आवडतं. पट्टीची मागची बाजू वाचणारी मुलगी आहे म्हणता, तिला नक्की आवडेल.

मेडिकलवाला_दोंडाईचा

भाऊ मी डी.फार्म आहे आणि माझं मेडिकल आहे, बरीच वर्षं झाली, त्यावरच घर चाललंय, म्हणून डी.फार्मला कोणी हलकं म्हटलेलं मला चालत नाही. मेडिकल चालवायला रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो आणि डी.फार्म त्याला पुरेसं आहे. दोन वर्षं शिक्षण, वर ५०० तासांचं ट्रेनिंग, मग स्टेट कौन्सिलला नोंदणी. अ‍ॅडमिशनला सीईटी नाही, बारावीच्या मार्कांवर. मामांचं तेवढं बरोबर.

पण पुढचं नीट ऐका. दोन वर्षांनी लगेच लायसन हा हिशोब चुकीचा आहे, ट्रेनिंग धरा, नोंदणी धरा, मग एफडीएकडे (औषध प्रशासनाकडे) दुकानाचं लायसन वेगळं, त्याला जागा लागते, फ्रीज लागतो, भांडवल लागतं आणि उधारी सांभाळायची छाती लागते. आणि आता गावोगाव मेडिकल झालीत, दवाखान्याला लागून जागा मिळाली तर धंदा, नाहीतर दिवसभर गिऱ्हाइकाची वाट. दुसरं म्हणजे डी.फार्म करून डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं हे खरं, पण हिशोब करा ना, २ आणि ३ किती झाले? ५ वर्षं. थेट गेली तर ४. मुलीला आधीच माहितीये की फार्मसीच करायची तर एक वर्ष कशाला घालवायचं? डी.फार्म त्याच्यासाठी ज्याला लवकर दुकानावर बसायचंय किंवा ज्याची सीईटी खरंच गेली. म्हणजे तो दुसरा दरवाजा उघडा राहतोच, सीईटी देऊन सुद्धा. आमच्या भाषेत सांगतो, पोरीले शिकू द्या भाऊ.

आणि त्या फोनवाल्याला एक रुपया देऊ नका. कॅपमध्ये (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमध्ये) सीट पक्की करून देणारा कोणी माणूस नसतो.

फार्मसी_शिकवतो

मी याच भागातल्या एका कॉलेजला शिकवतो, नाव सांगत नाही नाहीतर जाहिरात वाटेल. वर दोघांनी चांगलं लिहिलंय, मी कागद आणि कॅपवर बोलतो कारण दरवर्षी हुशार मुलं इथेच मार खाताना बघतो आणि फार हळहळ वाटते.

ताईंचं कास्ट सर्टिफिकेट आहे असं धरतो, पण व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं सर्टिफिकेट)? नसेल तर आजच ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसला जा, बारावी सायन्सच्या मुलांचा प्रस्ताव कॉलेजच्या पत्रासह जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातो, जुने पुरावे लागतात, आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद, जुना सातबारा, आणि नावात एका अक्षराचा फरक असला तरी फाइल मागे येते. उन्हाळ्यात गर्दी उसळते म्हणून आत्ताच. नॉन क्रिमिलेअर मुदतीचं बघा, प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढून ठेवा.

आता फीबद्दल, हे आईंना आधी वाचून दाखवा. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक कोर्सच्या मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, ओबीसी आहेच त्यात. अट एकच महत्त्वाची, प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही माफी गेली. म्हणजे तो फोनवाला तुमच्याकडून पैसे घेऊन वर तुमची माफी पण घालवणार होता. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस मात्र भरावं लागतं, तेवढी तयारी ठेवा. अर्ज महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर), दरवर्षी, आधारला जोडलेलं बँक खातं मुलीच्या नावाचं.

ऑप्शन फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या हाती देऊ नका, शेजारी बसून मुलीने स्वतः क्रम लावायचा. २०२५ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते आपोआप फ्रीझ होतं (म्हणजे तेच पक्कं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही), दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं मिळालं तरी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. म्हणून वरचे नंबर अंदाजाने भरायचे नाहीत, जिथे खरंच जायचंय तेच वर. त्या वर्षीचं माहितीपत्रक तेवढं नवीन वाचा, नियम हलतात. आणि यादीत टाकण्याआधी प्रत्येक कॉलेज फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या साइटवर शोधा, मान्यता आहे का, किती जागांना आहे. मान्यता नसेल तर पुढे फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच होत नाही, मग डिग्रीचा उपयोग काय.

कॉलेजला एकदा जाऊन या. गेटवरचा बोर्ड बघू नका, दुपारी लॅबमध्ये शिरा. मुलं उभी राहून काम करताहेत का, टॅब्लेट मशीनवर धूळ आहे का, लायब्ररीत कोणी बसलंय का, शिपायाला विचारा सर रोज येतात का. दहा मिनिटांत कळतं.

केळीबाग_चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार. माफीचं आईला वाचून दाखवलं, तिने परत वाचायला लावलं. व्हॅलिडिटी नाहीये, सोमवारी ऑफिसला जातो. अजून दोन गोष्टी. चोपड्यातच कॉलेज आहे, फैजपूरला आहे, शहाद्याला आहे, पण ती शिरपूरच म्हणते, तिथे अप-डाऊन जमेल का? आणि शिरपूरला ते एनएमआयएमएस पण आहे ना, ते पण कॅपमधूनच का?

शिरपूरची_थर्डइयर

अप-डाऊन नका करू दादा. प्रत्येक विषयाला ८० टक्के हजेरी लागते, थिअरी वेगळी प्रॅक्टिकल वेगळं, दुपारचं प्रॅक्टिकल सुटायला उशीर होतो आणि पावसाळ्यात बस कधी येईल भरवसा नाही. हॉस्टेल नाहीतर मुलींनी मिळून रूम. शिरपूरचं आर. सी. पटेल १९९२ पासूनचं आहे, मागणी जास्त, पर्सेंटाइल चांगले लागतात, पण चोपड्यातलं घरून करता येत असेल तर तेही यादीत ठेवा, घरचं जेवण ही लहान गोष्ट नाही.

फार्मसी_शिकवतो

एनएमआयएमएस अभिमत (डीम्ड) विद्यापीठ आहे, त्यांची प्रवेशप्रक्रिया त्यांची, फी त्यांची. मुलींची ती माफी खासगी अभिमत विद्यापीठांना लागू नाही. परवडत असेल तर वेगळा विचार, तुमच्या परिस्थितीत मी कॅपच म्हणेन.

अजून एक, फार्मसीची कॅप इंजिनीअरिंगच्या मागून चालते, कॉलेजांच्या मान्यतेमुळे लांबत जाते. पावसाळा संपत आला तरी मुलं घरी बसलेली असतात आणि नातेवाईक विचारून विचारून हैराण करतात. तेव्हा घाबरून कुठेतरी बीएस्सीला टाकून मूळ कागद अडकवू नका. तेवढ्यात डी.फार्मचा अर्ज मात्र भरून ठेवा, त्याची प्रक्रिया डीटीईकडे (तंत्रशिक्षण संचालनालयाकडे) वेगळी असते.

क्वालिटीवाला_नाशिक

उशिरा बघितलं. मूळचा पारोळ्याचा, बी.फार्म करून इथे एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे. पुढचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डिग्री असली की मेडिकलचा रस्ता बंद होत नाही, तो असतोच, वर कंपनीत प्रॉडक्शन, क्वालिटी, रेग्युलेटरी, आणि ड्रग इन्स्पेक्टरची परीक्षा द्यायची तर डिग्रीच लागते. पुढे शिकायचं असेल तर जीपॅट (एम.फार्मची, म्हणजे बी.फार्मनंतरच्या डिग्रीची परीक्षा) द्यायची, एम.फार्मला स्टायपेंड मिळतो. सुरुवातीचा पगार फार नसतो हे आत्ताच सांगून ठेवा, शिफ्ट असते, दोन-तीन वर्षं दम काढावा लागतो. पण सहाव्या सेमनंतरचं १५० तासांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग नुसतं सर्टिफिकेटसाठी न करता खरंच मशीनजवळ उभं राहून केलं तर इंटरव्ह्यूत लगेच कळतं.

फार्म डी पण थेट बारावीवरून असतं, ६ वर्षांचं, शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्ये. पेशंटजवळ काम करायची आवड असेल तर, नाहीतर बी.फार्म.

केळीबाग_चोपडा

बहिणीनेच विचारायला लावलंय, सीईटीचा फॉर्म भरताना पीसीएम (बायोऐवजी मॅथ्सचा ग्रुप) आणि पीसीबी दोन्ही टाकायचे का? मॅथ्स तिला नाहीये.

शिरपूरची_थर्डइयर

मॅथ्स नाही तर फक्त पीसीबी, फार्मसीला तेवढं पुरतं. फॉर्ममध्ये नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. आणि तिला म्हणावं काही अडलं तर मला मेसेज कर, माझ्या बायोच्या नोट्स अजून आहेत, बॅगेत भरून चोपड्याच्या गाडीने पाठवते.