सर्व्हिसिंगला दिलेली गाडी आणि गॅरेजची टेस्ट ड्राइव्ह : विश्वास कितपत ठेवावा?

प्रश्न : निपाणीकर

नमस्कार मंडळी. मी निपाणीला राहतो आणि नोकरीसाठी बेळगावला जातो. सर्व्हिसिंगसाठी कोल्हापूर मला जवळ पडते, पण सकाळी गाडी टाकून कामावर जावे आणि संध्याकाळी घेऊन परतावे या सोयीसाठी मी बेळगावचे एक अधिकृत वर्कशॉप धरले आहे. वाढीव वॉरंटी अजून शिल्लक असल्यामुळे बाहेर काम करून घेण्याचा विचार आतापर्यंत केला नव्हता.

या वेळी नेहमीच्या सर्व्हिसिंगबरोबर एक तक्रार सांगितली होती. खड्ड्यात गेल्यावर डाव्या पुढच्या चाकाकडून टक्-टक् असा आवाज येतो. दुपारी कार्यालयात असताना फास्टॅगमधून पैसे वजा झाल्याचा संदेश आला, तो बेळगावच्या बाहेर, धारवाडच्या दिशेला असलेल्या हिरेबागेवाडीच्या टोल नाक्याचा. काही वेळाने तिथलाच परतीचा संदेशही आला. संध्याकाळी जॉब कार्डावरचा, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप करते त्या नोंदपत्रावरचा, आकडा आणि मीटरवरचा आकडा ताडून पाहिला, तर गाडी साठ किलोमीटरच्या आसपास फिरलेली होती. विचारले तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझरने शांतपणे सांगितले, "सर, आवाज सापडत नव्हता, म्हणून लांबची टेस्ट ड्राइव्ह घेतली." टोलचे पैसे देण्याची तयारी त्याने लगेच दाखवली. त्यामुळे तर माझा संशय अधिकच वाढला.

पैसे किरकोळ आहेत, प्रश्न तो नाही. टेस्ट ड्राइव्ह किती अंतराची असणे रास्त आहे? त्या वेळेत गाडी कुणाला धडकली असती तर जबाबदारी कोणाची झाली असती? आणि इथून पुढे याच ठिकाणी जावे, की ओळखीच्या मेस्त्रीकडे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : उद्यमबागवाला

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आणि नंतर खानापूर रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये फ्लोअर सुपरवायझर म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

टेस्ट ड्राइव्हच नको, असे म्हणू नका. ब्रेकचे काम केलेली गाडी रस्त्यावर न चालवता ग्राहकाच्या हाती देणारे गॅरेज मला जास्त धोकादायक वाटते. नवे ब्रेक पॅड बसवले की पहिल्यांदा पेडल खोल जाते आणि दोन-चार वेळा दाबल्यावर जागेवर येते. ते तपासले नाही, तर पहिला ब्रेक ग्राहकच गॅरेजच्या फाटकाबाहेर मारतो. व्हील बेअरिंगची घरघर साधारण साठच्या पुढे वेग गेल्याशिवाय नीट कानावर येत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहायला सरळ मोकळा रस्ता लागतो. त्यासाठी हायवेला जावे लागले, तरी पाच ते आठ किलोमीटरांत हे सगळे उरकते.

तुमची तक्रार मात्र खड्ड्यातल्या आवाजाची होती. तो आवाज शोधायला खराब रस्ता आणि वीस-तीसचा वेग लागतो, आणि खराब रस्त्यासाठी बेळगाव सोडून जावे लागते, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. सस्पेन्शनमधले, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या जोडणीतले, लिंक रॉड, स्ट्रट माउंटिंग किंवा लोअर आर्मचा बुश, यांतले काय वाजते ते शेवटी रॅम्पवर गाडी उचलून, पट्टीने हलवूनच कळते. गुळगुळीत हायवेवरून हिरेबागेवाडीच्या पलीकडे जाऊन ते सापडणार नाही. त्यामुळे ती टेस्ट ड्राइव्ह नव्हती, कोणाचे तरी खासगी काम होते किंवा दुसरीकडून सुटा भाग आणायला गाडी वापरली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट सांगतो. टेस्ट ड्राइव्ह घेणारा माणूस बहुधा अनुभवी असतो, त्याचे नाव नोंदलेले असते आणि त्याला नोकरीची काळजी असते. खरचटणे आणि ठोकणे जास्त होते ते आवारातच. वॉशिंगला नेताना, रॅम्पवरून काढताना, संध्याकाळी सहा वाजता दहा गाड्या एकाच फाटकातून बाहेर काढायच्या असतात तेव्हा. त्या वेळी किल्ली ज्याच्या हाताला लागेल तो गाडी हलवतो, आणि तो धुलाईवाला पोरगा असेल तर त्याच्याकडे लायसन्स असेलच याची खात्री नसते. आमच्याकडे किल्ल्यांचा बोर्ड कुलपात ठेवायला लागल्यावर हे प्रकार पुष्कळ कमी झाले. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह कोण घेणार एवढेच विचारून थांबू नका, किल्ली कोणाकडे राहते तेही विचारा. उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर समजून जा.

आणखी एक. ॲडव्हायझर तुमची तक्रार इंग्रजीत लिहून घेतो आणि तुमच्या टक्-टकीचे 'सस्पेन्शन नॉइज' होऊन बसते. कोणते चाक, कोणत्या वेगाला, वळताना की खड्ड्यात, हे सगळे त्यात गळते आणि मग खालचा फिटर अंधारात चाचपडत बसतो. गाडी देतानाच ॲडव्हायझरला किंवा फिटरला शेजारी बसवून आवाज ऐकवा आणि जॉब कार्डावर मराठीत का होईना, पूर्ण वाक्य लिहून घ्या. एवढे केले की नंतर लांब टेस्ट ड्राइव्हचे कारणच उरत नाही.

उत्तर : खानापूरचा वकील

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. हा सर्वसाधारण खुलासा आहे, आपल्या प्रकरणावरचा सल्ला नाही.

गाडी दुरुस्तीसाठी सोपवली की 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार गॅरेजवर तिची काळजी घेण्याचे बंधन येते. कलम 151 प्रमाणे, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी ती घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेतल्याचे गॅरेजने दाखवले, तर नुकसानीतून त्याची सुटका होऊ शकते. कलम 154 मात्र अधिक कडक आहे. वस्तू ज्या अटीवर दिली त्या अटीबाहेर तिचा वापर केला, तर त्या वापरादरम्यान झालेल्या नुकसानीची भरपाई करावीच लागते, मग तिथे "आमची चूक नव्हती" हा बचाव फारसा उपयोगी पडत नाही. म्हणूनच जॉब कार्डावर 'टेस्ट ड्राइव्ह आठ किलोमीटरपर्यंत, शहराबाहेर नेण्यापूर्वी फोन करावा' अशी एक ओळ लिहून त्यावर ॲडव्हायझरची सही घेणे फार मोलाचे आहे, कारण ती ओळ म्हणजेच ती अट. जॉब कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत 'वाहन मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असते. तेवढ्याने निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

गाडीने तिसऱ्या माणसाला इजा झाली असती तर काय, हा आपला दुसरा प्रश्न. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली असे ठरवले आहे की, गाडी दुरुस्तीसाठी दिलेली असताना गॅरेजच्या माणसाच्या हातून अपघात झाला, तरी त्या गाडीच्या विमा कंपनीला जखमी व्यक्तीप्रती असलेली जबाबदारी टाळता येत नाही. म्हणजे जखमीचे नुकसान होत नाही, पण नोटीस मालकालाही येते आणि तारखांना हजर राहणे आलेच. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नसेल, तर आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. लायसन्स असले आणि दावा मंजूर झाला, तरी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, जातो. सलग पाच वर्षे दावा नसेल तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून गॅरेजच्या हातून गाडीला मार बसला, की "तुमच्या इन्शुरन्समधून करून देतो" या गोड बोलण्याला लगेच हो म्हणू नये. दुरुस्ती गॅरेजच्या खर्चाने होईल असे आधी लेखी मागावे. गॅरेजवाल्यांसाठी या जोखमीची वेगळी पॉलिसी मिळते, ती त्यांनी घेतली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

एक सावधगिरी. भांडण झाले म्हणून बिल न देता गाडी घेऊन जाण्याचा आग्रह धरू नये. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कलम 170 प्रमाणे गॅरेजला असतो. बिलावर 'हरकत नोंदवून रक्कम भरली' असे लिहावे, पैसे भरावेत आणि मग तक्रार करावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सीमाभागातल्या लोकांची एक मोठी सोय झाली आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे उद्या आपण कोल्हापूरला सर्व्हिसिंग करून घेतले आणि वाद झाला, तरी बेळगावच्या आयोगाकडे दाद मागता येईल. मुदत दोन वर्षांची आहे आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यावरच कंपनीच्या वरच्या कार्यालयातून फोन येतो. फास्टॅगचे दोन्ही संदेश पुसू नका. त्यांत वेळ आणि ठिकाण दोन्ही असते, त्यापुढे ॲडव्हायझरचे शब्द टिकणार नाहीत.

उत्तर : टिळकवाडीची ताई

वकील साहेबांचे सगळे पटले, पण मेस्त्री चांगला असेल तर यातले निम्मे लागत नाही, हेही लिहिते.

मी स्वतः गाडी चालवते आणि अधिकृत ठिकाणी मला नेहमी एकच अनुभव येत असे. तक्रार मी सांगायची आणि ॲडव्हायझरने उत्तर माझ्या यजमानांकडे पाहून द्यायचे. वर इंजिन फ्लश, एसीचे निर्जंतुकीकरण, थ्रॉटल बॉडीची सफाई अशी यादी दर वेळी पुढे येई. वॉरंटी संपल्यावर मी शहापुरातल्या एका मेस्त्रीकडे जाऊ लागले. पाटी जुनी, बसायला एक स्टूल. पण काढलेला ऑइल फिल्टर आणि ब्रेक पॅड ते न मागता जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटातून आल्यावर ब्रेक घासल्यासारखा वाजू लागला, तेव्हा त्यांनी पॅड काढून माझ्या हातात दिला, उरलेली जाडी दाखवली आणि म्हणाले, "ताई, पॅड चांगला हाय, मधे खडी अडकली होती. धुऊन बसवतो, बदलू नका." नव्या पॅडचे पैसे मी मुकाट दिले असते. टेस्ट ड्राइव्हला ते मला शेजारी बसवतात, तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जाऊन परत.

तिथेही अडचणी आहेत. पक्के बिल मागावे लागते आणि सर्व्हिसची नोंद मलाच वहीत करावी लागते. निपाणीकर दादा, तुमची वॉरंटी शिल्लक आहे, तोवर ठिकाण बदलण्याची घाई करू नका. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे स्पर्धा आयोगाने 2014 साली गाडी कंपन्यांना बजावले होते. पण त्यावर अपिले झाली, आणि त्या वादात आपली गाडी कशाला पुढे करायची?

निपाणीकर

सर्वांचे मनापासून आभार. आज व्यवस्थापकांना लेखी पत्र दिले, सोबत मीटरचा फोटो आणि टोलचे संदेश जोडले. गाडी कोणी व कशासाठी नेली, याचे लेखी उत्तर आठवड्यात देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. टक्-टक् आवाज मात्र तसाच आहे. पुन्हा गाडी देताना डॅशकॅम चालू ठेवावा का? त्याने मेस्त्री लोक दुखावतात असे ऐकले आहे.

उद्यमबागवाला

चालू ठेवा, आणि तसे आधी तोंडावर सांगा. गुपचूप लावलेला कॅमेरा सापडला तर चांगला फिटरही बिथरतो, सांगून लावला तर कोणी मनावर घेत नाही. बॅटरीची तार काढावी लागली तर तेवढा वेळ तो बंद पडेल, त्यावरून लगेच शंका घेऊ नका. फास्टॅग काचेवरून काढण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचा संदेश हाच तुमचा पहारेकरी ठरला आहे. डिकीतली जॅक-पाना पिशवी आणि स्टेपनी यांचा फोटो जॉब कार्डाबरोबर काढून ठेवा. शक्य असेल तर शनिवारी गाडी देऊ नका, त्या दिवशी सगळ्या वर्कशॉपांत झुंबड असते. मंगळवार-बुधवारी सकाळी लवकर जा, फिटरला शेजारी बसवा आणि लिंक रॉडपासून सुरुवात करायला सांगा. चार वर्षांच्या गाडीत आपल्याकडच्या रस्त्यांवर तोच पहिला बोलायला लागतो.