खांद्याचं ऑपरेशन झालंय (कबड्डी), रात्री झोपायला काय घेऊ? बजेट ३०००

चढाई_सांगली
नमस्कार. पकड सोडवताना उजवा खांदा निखळला, दोन वर्षांत तिसऱ्यांदा. १२ दिवसांपूर्वी दुर्बिणीतून बँकार्टचं (खांद्याच्या खोबणीची फाटलेली कड शिवायचं) ऑपरेशन झालं. स्लिंग ६ आठवडे. दिवस जातो, रात्र सरत नाही. आडवा झालो की खांदा मागं ओढल्यासारखा होतो, मग दोन वाजता उठून बसतो. टेकून झोपायला ३००० च्या आत काय मिळेल? घर लहान आहे. फिजिओ गावातलाच बघू की मिरजेला जाऊ?

ठाणेकर७१
रिक्लायनर घ्या. मी २२,००० ला घेतला, चार वर्षं झाली, दुपारची झोप अजून त्यातच. स्वस्तातलं घेऊन पस्तावाल.

मृदुला_क
अहो, बजेट ३००० लिहिलंय त्यांनी.
मी उतरती फोमची उशी घेतली होती. पण खरा आराम पडला तो कोपराखाली टॉवेलची घडी ठेवल्यावर. कोपर पाठीच्या मागे गेलं की ते ओढणं सुरू होतं. शर्ट पुढून बटणांचेच घाला. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

पन्हाळकर
भावा, माझा पण खांदा धरलेला. तिळाच्या तेलानं मालीश आणि भिंतीवर बोटं चढवायची, तीन महिन्यांत मोकळा. फिजिओवर पैसे घालवू नको.

फिजिओ_अकोला
कृपया हे करू नका. धरलेला खांदा मोकळा करायचा असतो. इथे खोबणीची फाटलेली कड हाडाला परत शिवली आहे, ती आधी जुळू द्यायची. हात बाहेरच्या बाजूला फिरवणं सर्जन सांगेपर्यंत बंद. बोटं, मनगट हलवत राहा. कोपराचं सर्जनला विचारा. ऑपरेशनचा कागद दाखवल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. ताप आला किंवा टाक्यांतून पाणी आलं तर लगेच सर्जनकडे.

ठाणेकर७१
रिक्लायनरला हात असतात, कोपर मागे जातच नाही.

क्रिकेटवेडा
श्रेयस अय्यरचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्यात इंग्लंडविरुद्ध निखळला. एप्रिलमध्ये ऑपरेशन, सप्टेंबरमध्ये आयपीएलला हजर. पाच महिन्यांत खेळाल.

मृदुला_क
त्याच्या दिमतीला फिजिओ असतो. आणि कबड्डीत चार जण अंगावर पडतात. माझा भाऊ चौथ्याच महिन्यात मैदानात उतरला, पहिल्याच सामन्यात परत निखळला. दुसरं ऑपरेशन झालं. सोडा कबड्डी.

सोलापूरची_सून
+१, कबड्डी सोडा. रिक्लायनरलाही +१.

चढाई_सांगली
सगळ्यांचे आभार. काही विकत घेतलं नाही. माळ्यावर आजोबांची आरामखुर्ची होती, आईनं तिला नवं कापड शिवलं. कोपराखाली टॉवेल घेतला आणि काल सलग चार तास झोपलो. मृदुलाताई, हे तुमच्यामुळं. वाचलेले पैसे मिरजेच्या फिजिओला आणि एसटीला. कागद घेऊनच जाईन.
कबड्डी सोडणार नाही. सर्जन हो म्हणतील तेव्हाच उतरेन, मग वर्ष का लागेना.
स्लिंगखाली बगलेत घामानं लाल झालंय. त्याला काय करता?