लिनक्सवाल्या लॅपटॉपला गिऱ्हाईक नाही म्हणे!

बिनखिडकीवाला
परवा लॅपटॉप खरेदीच्या धाग्यावर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, विषय निघाला आणि एका सदस्याने ठोकून दिलं: "लिनक्स घालून विकायला कंपन्यांना कोणी अडवलंय? गिऱ्हाईकच नाही." तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

फेब्रुवारी २००७ मध्ये डेलने लोकांकडून सूचना मागवायला संकेतस्थळ उघडलं. बघता बघता सगळ्यात वर गेलेली मागणी कुठली? लिनक्स घालून द्या. मे महिन्यात उबंटू ७.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेली तीन मॉडेलं विक्रीला आली. २०१२ मध्ये एक्सपीएस १३ ची डेव्हलपर आवृत्ती, तीही उबंटूवर. धंदा नसता तर पाच वर्षांनी पुन्हा या फंदात कोण पडलं असतं?

आपल्याकडे तर मोजायचीच बोंब. दुकानात उबंटूचा नाहीतर डॉसचा (म्हणजे विंडोज न घातलेला) लॅपटॉप असतो, तो स्वस्त म्हणून. विक्रेता आपणहून सांगतो, "सर, टेन्शन नाही, विंडोज टाकून देतो." परवान्याचं कोणी विचारत नाही. ज्याला खरंच उबंटू हवंय तो आणि ज्याला चोरीचं विंडोज हवंय तो, कंपनीच्या वहीत दोघं एकाच रकान्यात. मग मागणी नाही हे ठरवलं कोणी?

गल्लेवाला
मत द्यायला पैसे पडत नाहीत, लॅपटॉपला पडतात. डेलची ती तीन मॉडेलं आधी फक्त अमेरिकेत होती, हे सोयीस्कर विसरलात. आणि तुमच्याच हिशेबाने उबंटूचा खप फुगलेला निघाला की! म्हणजे खरं गिऱ्हाईक आणखी कमी.

२००८ साली एमएसआय या लॅपटॉप कंपनीच्या अधिकाऱ्यानेच सांगितलं होतं, लिनक्सवाली नेटबुकं (छोटे स्वस्त लॅपटॉप) विंडोज एक्सपीवाल्यांच्या चौपट परत येतात. मी दुकानदार आहे. उबंटू तसंच ठेवून दिलेलं मशीन दुसऱ्या दिवशी परत येतं. "यात हिशेबाचं टॅली कुठंय?" तुम्ही येता का उत्तर द्यायला?

बिनखिडकीवाला
चौपटचं पालुपद येणार हे माहीतच होतं. त्याच वर्षी एसूसचे प्रमुख म्हणाले होते की त्यांच्या ई-पीसी नेटबुकात लिनक्स काय, विंडोज काय, परत येण्याचं प्रमाण सारखंच. ते कोणी उद्धृत करत नाही. खोक्यात काय आहे हे न सांगता विकलं तर काहीही परत येईल.

टंकलेखिका
मी डीटीपी करते. लिनक्स, विंडोज, काही का असेना, आमच्या जुन्या फायली उघडणार का? छापखाने अजून श्री-लिपी या जुन्या मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरात मजकूर मागतात. लिनक्सवरच्या लिब्रे ऑफिसात ती फाईल उघडली की पानभर किडे-मुंग्या. मराठीचं आधी बघा, मग स्वातंत्र्याच्या गप्पा मारा.

कर्नलकाका
ताई, तो दोष लिनक्सचा नाही. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. फॉन्ट काढला की मजकुराचा चिवडा होणारच, विंडोजवरसुद्धा. युनिकोडात टंका, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. इन्स्क्रिप्ट कळपाट (कीबोर्डची मांडणी) १९९१ पासून भारतीय मानकात आहे, दोन्हीकडे तोच चालतो. लोहित हा युनिकोड फॉन्ट फुकट आहे.

टंकलेखिका
काका, मानक १९९१ चं असेल, माझा दिवाळी अंक उद्या सकाळी जायचाय. बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर तयार झालीत, टायपिंगची परीक्षा त्यावर दिली. या वयात बोटं बदलू? आणि लोहितमध्ये कवितासंग्रह लावून दाखवा, कवी घरी येऊन मारेल.

कर्नलकाका
आठवड्यात इन्स्क्रिप्ट येतं. आळसाला मानकाचा इलाज नाही.

टंकलेखिका
आळस?! रात्री दोन वाजता मुद्रितं तपासणाऱ्या बाईला आळशी म्हणताय? तुम्ही आयुष्यात चार पानांच्या वर मराठी टंकलंय का? इथले तुमचे प्रतिसाद बघितले तर ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो.

उगाच_एक
धाग्याचं काश्मीर झालेलं आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
मूळ विषयावर: स्टीम डेक हा हातात धरून गेम खेळायचा संगणक २०२२ पासून लिनक्सवर विकला जातोय, घेणाऱ्यांना पत्ताही नाही.

गल्लेवाला
तो गेमचा डबा आहे हो. त्यावर कोण जीएसटी भरणार?

ऱ्हाइनकाठचा
इथे युरोपात आमचं दुखणं वेगळं. विंडोज नको असलं तरी त्याचे पैसे मोजा! इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एचपीविरुद्ध निकाल दिला: नको असलेल्या विंडोजचे पैसे परत करा. आपल्याकडे कोणी दावा का लावत नाही?

गल्लेवाला
पुढचंही सांगा ना. २०१६ मध्ये सोनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालय म्हणालं, सॉफ्टवेअर घालूनच संगणक विकणं ही एवढ्यावरून अनुचित प्रथा ठरत नाही.

ऱ्हाइनकाठचा
ठरत नाही, पण ठरूच शकत नाही असंही म्हटलेलं नाही. असो. दुकानदार निकाल वाचतात हे बघून बरं वाटलं.

गल्लेवाला
वाचतो, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. बरं, एक गोष्ट कबूल करतो, उगाच नाचू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच्या आधीपासून लोक जुनी मशीनं घेऊन येतायत. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही, ११ चढत नाही, नवीन घ्यायची ऐपत नाही. अशांना मी मिंट (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) टाकून देतो. ब्राउझर उघडला, यूट्यूब लागलं, की खूश. परत कोणी आलेलं नाही.

बिनखिडकीवाला
म्हणजे गिऱ्हाईक आहे!!

गल्लेवाला
गिऱ्हाईक माझं आहे, लिनक्सचं नाही. काय टाकलं ते एकानेही विचारलेलं नाही. उद्या दुसरं काही टाकलं तरी तेवढेच खूश.

बिनखिडकीवाला
अहो, विंडोजचं गिऱ्हाईक तरी दुसरं काय करतं? जे घालून मिळालं ते वापरतं. त्याला तुम्ही 'मागणी' म्हणता, आणि मिंटवाल्याला 'ऐपत नाही'. वा!

गल्लेवाला
टॅलीचं उत्तर अजून आलेलं नाही, तेवढं बघा.

टंकलेखिका
गल्लेवाले, तुमच्या मिंटवर श्री-लिपी चालेल का? हो की नाही, एवढंच सांगा.

कर्नलकाका
व्हर्च्युअल मशीन (संगणकातला संगणक) करून आत विंडोज टाकलं तर...

टंकलेखिका
म्हणजे नाही. बाकी चालू द्या.