घरी छापलेले डिकॅल : निळ्या गाडीवर पिवळा आकडा गायब

अर्धवट_किट
मंडळी, वैतागलोय. 1:24 ची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी) रेसिंग कारची मॉडेल बनवणं चालू आहे, बॉडी गडद निळी मॅट. किट जुनं, त्यातले डिकॅल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून चिकटवायचे पातळ स्टिकर) पाण्यात टाकले आणि दोन मिनिटांत त्यांचा चुरा झाला, म्हणून म्हटलं आपणच छापू. दारावरचा पिवळा 27, त्याला काळी किनार आणि खाली बारीक अक्षरं, सगळं कॉम्प्युटरवर काढलं, ट्रान्सपरंट डिकॅल पेपरवर इंकजेटने छापलं, वरून क्लिअर स्प्रेचे (पारदर्शक वार्निशचे) दोन हात मारले, रात्रभर वाळवलं. कागदावर काय झकास दिसत होतं! गाडीवर लावलं तर पिवळा दिसेचना, नुसता हिरवट काळपट डाग. वर एका बाजूने शाई ओघळली आणि अक्षरांभोवती चंदेरी चट्टे आले ते वेगळेच. आता पांढरा डिकॅल पेपर घेऊ, लेझर प्रिंटर शोधू, का सरळ ब्रश हातात घेऊ?

बोथट_ब्लेड
पिवळ्याचं कारण सोपं आहे. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, तो कागदाचा पांढरेपणा धरूनच रंग टाकतो. ट्रान्सपरंट फिल्मवर पिवळा म्हणजे पिवळी काच समजा, निळ्यावर ठेवली की खालचा निळाच वर येणार. पूर्वी आल्प्स कंपनीचे पांढरा छापणारे प्रिंटर होते, मॉडेलवाले त्यासाठी जीव टाकायचे, पण ते कधीच बंद झाले. त्यामुळे गडद बॉडी असेल तर पांढरा पेपर घ्या आणि आकडा बरोब्बर रेषेवरून कापा. काही जण पांढऱ्या पेपरवर आजूबाजूला बॉडीचाच निळा छापतात, त्या वाटेला जाऊ नका. छापलेला निळा आणि मारलेला निळा कधी जुळत नाही, मी तीन वेळा करून बसलोय. बारीक अक्षरांना मात्र पांढरा पेपर बादच, एवढी कोण कापणार.

टोनरवाला
ब्लेडराव, पांढऱ्या पेपरचं बरोबर, पण इंकजेटची प्रिंट रेषेवरून कापली तर शाई ओघळणारच. स्प्रे वरून बसतो, कापलेली कड उघडीच राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. अर्धवटराव, तुमचं पण तेच झालं असणार, एका बाजूला कात्री शाईवरूनच गेली असेल बघा. ट्रान्सपरंटवर छपाईच्या बाहेर मिलिमीटरभर मोकळी फिल्म सोडायची. पांढऱ्यावर ते जमत नाही, तिथे कापून झाल्यावर कडेवरून ब्रशने क्लिअरचा हलका हात फिरवायचा. आणि दोन हात कमीच, तीन-चार पातळ मारा, पहिला तर नुसता शिंतोडल्यासारखा, एकदम ओला मारलात तर स्प्रेनेच शाई पसरते.
लेझरला ही कटकट नाही, टोनर म्हणजे वितळवून बसवलेलं प्लास्टिकच, पाण्याला दाद देत नाही. फक्त कागद लेझरचाच हवा. इंकजेटचा कागद लेझरमध्ये घातलात तर त्यावरची फिल्म आतल्या गरम रोलरला चिकटू शकते, मग डिकॅल राहिलं बाजूला, प्रिंटर दुरुस्त करत बसा.

ग्लॉस_आधी
चंदेरी चट्ट्यांचं कोणीच बोललं नाही. मॅट रंग म्हणजे बारीक खडबड, त्या खाचांत फिल्मखाली हवा अडकते आणि तीच चमकते. आधी ग्लॉस क्लिअर मारा, नीट वाळू द्या, मग डिकॅल, आणि सगळं झालं की शेवटी मॅट क्लिअर. मॅट फिनिश हवाय म्हणून लोक मॅटवरच डिकॅल लावतात आणि मग डिकॅल पेपरला शिव्या घालतात.
पाणी कोमट घ्या, पंधरा-वीस सेकंद बुडवून काढा आणि टिश्यूवर ठेवून वाट बघा, आपोआप सरकायला लागतं. पाण्यात तरंगत ठेवू नका, मागचा गोंद धुऊन जातो. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही डिकॅल बसवायची दोन द्रावणं मिळतात. मायक्रो सेट खाली लावायचं, चिकटायला मदत होते. वरून मायक्रो सोल लावलं की फिल्म मऊ होऊन खाचाखोचांत बसते, पण ते विकतच्या डिकॅलसाठी. घरच्या डिकॅलवर तुम्ही कुठला स्प्रे मारलाय त्यावर सगळं अवलंबून, कधी काही फरकच पडत नाही, कधी सुरकुत्या पडून राहतात. शीटच्या कोपऱ्यात एखादा फालतू चौकोन जास्तीचा छापून ठेवा आणि आधी त्याच्यावर प्रयोग करा.
आत्ता लागलेल्या चट्ट्यांवर सुईने बारीक टोचून थोडं सोल सोडून बघा, थोडेफार जातात, सगळे नाही.

मास्किंग_टेप_प्रेमी
मला कळत नाही पिवळा छापायचाच कशाला? तो रंगानेच मारा ना. आकडा साध्या कागदावर छापा, मास्किंग टेपवर ठेवून आकार कापून काढा, ती टेप दारावर लावून आधी पांढरा मारा आणि मग पिवळा (थेट निळ्यावर पिवळा मारलात तर किती हात लागतील देव जाणे). मग काळी किनार आणि बारीक अक्षरं तेवढी ट्रान्सपरंट डिकॅलवर छापून वरून बसवा. काळा गडद बॉडीवर असो का पिवळ्यावर, खालच्या रंगाने बिघडत नाही. मास्क कापताना किनारीच्या मधोमध कापा, म्हणजे डिकॅल अर्धा मिलिमीटर हलला तरी खालची चूक काळ्याखाली झाकली जाते.

अर्धवट_किट
सगळ्यांचे आभार! मास्किंगवाला उपाय केला, आधी ग्लॉस मारून. डाव्या दारावर असा बसलाय की बायको म्हणाली हे छापलंय का रंगवलंय. चट्टे शून्य. शाई पण जागच्या जागी, स्प्रेचे चार हात मारले होते.
उजव्या बाजूची रडकथा. तिथली किनार दुसऱ्या दिवशी वेगळी छापली आणि ती पिवळ्यापेक्षा लहानच येतेय, चारी बाजूंनी पिवळं बाहेर डोकावतंय. फाईल तीच, आकडा तोच!

टोनरवाला
प्रिंट करताना 'फिट टू पेज' चालू राहिलं असणार, 100 टक्के करा. आणि फाईलमध्ये कडेला 50 मिलिमीटरची एक रेघ कायमची काढून ठेवा, आधी साध्या कागदावर छापून ती पट्टीने मोजायची, बरोबर भरली तरच डिकॅल पेपर ट्रेमध्ये.

अर्धवट_किट
मोजली. 48 भरली. 🤦 पेपरची एकच शीट उरलीय, उद्या सकाळी डोकं शांत असताना छापतो.