ओकचा पोर्च: ओलं लाकूड घराला लावतात का?

दारातली_चप्पल

नमस्कार मंडळी. इंग्लंडात स्वतःच्या घरावर सुतारकाम करून घेतलेलं कोणी आहे का इथे?

आम्ही वुस्टरजवळच्या एका गावात राहतो. घर 1950च्या आसपासचं, सेमी-डिटॅच्ड, दार पश्चिमेला. पाऊस नेमका तिकडूनच येतो. दार उघडलं की थेट जिन्याची पहिली पायरी, त्यामुळे चौघांच्या चपला, बूट, मुलीचे चिखलाचे वेलिंग्टन सगळे त्या पायरीवर. कुरियरवाला खोकी दारात टाकून जातो आणि ती भिजतात. दहा वर्षं सहन केलं, आता दारापुढे ओकचा पोर्च करायचा ठरवलाय. रुंदी 1.9 मीटर, पुढे 1.5 मीटर, वर दोन पाख्यांचं कौलारू छप्पर. पैसे उरले तर बाजूंना काच.

गावातल्या सुताराला बोलावलं. माणूस साठीचा, कमी बोलणारा. म्हणाला, लाकूड ‘ग्रीन ओक’ असेल, म्हणजे नुकतंच कापलेलं, ओलं. मी मान डोलावली. संध्याकाळी हे बाबांना फोनवर सांगितलं आणि तिथेच घात झाला. बाबा वाईचे. त्यांचं लहानपण सागाच्या खांबांच्या वाड्यात गेलंय. म्हणाले, “ओलं लाकूड चुलीलासुद्धा घालत नाहीत, तू घराला लावतोयस? तो इंग्रज तुला टोपी घालतोय.” तेव्हापासून रोज एक फोन.

सुतार म्हणतो की इथे असंच करतात. एका कंपनीचं किट निम्म्याहून कमी पैशात मिळतंय, त्यात सुकवलेलं ओक आहे, पण खांब जेमतेम चार इंची. बायकोचं म्हणणं, काहीही आणा पण व्हार्निश मारून चकचकीत ठेवा. आणि माझ्या मनात आणखी एक आहे: पोर्चला दार बसवून आतलं जुनं दार काढून टाकलं तर हॉल मोठा होईल का? परवानगीचं काय? सगळं एकदमच विचारतोय, माफ करा.

कलम_पोटकलम

आधी परवानगी, कारण तिथे चुकलात तर बाकी चर्चा फुकट. इंग्लंडात साध्या घराला पोर्चसाठी बहुतेक वेळा प्लॅनिंगचा अर्ज लागत नाही. अटी तीन. बाहेरून मोजलेलं क्षेत्र 3 चौरस मीटरच्या आत, कुठलाही भाग जमिनीपासून 3 मीटरपेक्षा उंच नको, आणि रस्त्यालगतच्या हद्दीपासून 2 मीटरच्या आत काही येता कामा नये. हद्द म्हणजे फुटपाथला लागून असलेली तुमची कडा. तुमचं क्षेत्र 2.85 होतं, म्हणजे काठावर पास.

उंचीकडे मात्र नीट बघा. वरची आडवी तुळई 2.1 मीटरवर धरली आणि पाखं 40 अंशांचं केलं, तर आढं साधारण 80 सेंटिमीटर वर जातं. झाले 2.9. त्यावर कौलं आली की 3ला टेकलात. सुताराला हा आकडा कागदावर लिहून द्या. घर लिस्टेड (वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेलं) असेल किंवा काउन्सिलने तुमच्या भागातले अर्जाशिवाय बांधायचे हे हक्क काढून घेतले असतील तर गोष्ट वेगळी, एक फोन करून खात्री करा.

आणि आतलं दार काढू नका! ते जागेवर आहे तोवर एवढासा पोर्च बिल्डिंग रेग्युलेशनमधून सुटतो (काच आणि वीज नियमाप्रमाणे हवीच). दार काढलंत की पोर्च घराचाच भाग होतो, मग उष्णतारोधनापासून सगळं दाखवावं लागतं. शिवाय जानेवारीत तुम्हीच रडाल.

रंधा

आम्ही श्रॉपशरमध्ये सहा वर्षांपूर्वी असाच पोर्च उभा केला. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं सागाच्या बाबतीत बरोबर आहे, इथल्या ओकच्या बाबतीत नाही.

ओक सुकला की दगड होतो, पटाशी चालत नाही. शिवाय मोकळ्या हवेत सुकवायचा तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष. सहा इंची खांब सुकेपर्यंत तुमची मुलगी कॉलेजात जाईल. म्हणून इथले सुतार शतकानुशतकं ओला असतानाच तासतात, जोडतात, आणि मग तो उभ्या उभ्या सुकतो. सुकताना ओक रुंदीत आकसतो, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पोर्च बुटका होत नाही, पण खांबांना उभ्या फटी पडतात. पडू द्यायच्या. त्यात पुट्टी भरू नका, मी भरली होती आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती चपातीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली.

जोड कसे करतो ते सुताराला विचारा. चांगला सुतार एका लाकडात भोक पाडतो, दुसऱ्याला जीभ काढतो, आणि आरपार लाकडी खुंटी ठोकतो. गंमत अशी की जिभेतलं भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडलेलं असतं. खुंटी आत जाताना थोडी वाकते आणि जोड आवळून धरते. खुंटी सुकी, चौकट ओली. चौकट आकसली की पकड आणखी घट्ट. आमचा सुतार हे करत असताना मी ऑफिसची मीटिंग सोडून बाहेर उभा होतो.

आता माझ्या चुका. ओकमध्ये टॅनिन (चहात असतं तसलं तुरट द्रव्य) भरपूर. लोखंड लागलं की काळंनिळं होतं. सुताराने स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरले, मी मात्र घराचा नंबर अडकवायला ड्रॉवरमधला साधा खिळा ठोकला. महिन्याभरात नंबराखाली शाईचा ओघळ. तो ऑक्झॅलिक ॲसिडने गेला (हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा). दुसरी चूक मोठी: दारापुढच्या नव्या फिकट फरशा पोर्चच्या आधी बसवून घेतल्या. पहिल्या हिवाळ्यात पावसाबरोबर टॅनिन उतरलं आणि फरशीवर कोऱ्या चहाचे डाग. फरशी शेवटी बसवा, निदान एक पावसाळी हंगाम जाऊ द्या.

व्हार्निशचं वहिनींना सांगा: ओल्या ओकवर ते टिकत नाही, आतली ओल बाहेर पडताना त्याची सालं निघतात. काही न लावता सोडलात तर वर्षा-दोन वर्षांत रुपेरी करडा होतो. आम्हाला आधी वाईट वाटलं, आता तोच रंग आवडतो. काच लावणार असाल तर खाचेत घट्ट बसवू नका. चौकट हलणार आहे, म्हणून काच वेगळ्या पट्ट्यांनी, थोडी मोकळीक ठेवून धरायची.

एक राहिलं. रात्री हीटिंग चालू असताना पोर्चमधून कडकन आवाज आला तर चोर समजून काठी घेऊन खाली येऊ नका. अनुभवाने सांगतोय.

देवरुखचं_आजोळ

मला इंग्लंडातलं काही कळत नाही, पण खांबाचा पाय कुठे टेकणार हे कोणीच विचारलं नाही? आमच्या आजोळच्या पडवीचे खांब अजून उभे आहेत ते लाकडाच्या पुण्याईने नव्हे, खालच्या दगडामुळे. जो खांब नंतर दुरुस्तीत थेट कोब्यात गाडला, तो खालून कुजला.

रंधा

लाख बोललात. इथेही तेच. खांबाचं कापलेलं टोक पाणी पितं, म्हणून काँक्रीटमध्ये गाडायचं नाही. दगडावर किंवा स्टेनलेसच्या बुटावर (खांबाच्या पायाखालची धातूची बैठक) जमिनीपासून उचलून ठेवायचं, आणि पाणी साचणार नाही असा उतार. चप्पलराव, तुम्हाला जवळ पडेल म्हणून सांगतो: हेरफर्डशरमध्ये पेंब्रिज गावात सोळाव्या शतकातला एक बाजारमांडव आहे. आठ ओकचे खांब, दगडांवर उभे, चारी बाजूंनी उघडे. कंपनीचं किट घेण्याआधी एक रविवार तिथे घालवा. बाबांना फोटो पाठवा.

दारातली_चप्पल

सात महिन्यांनी परत आलोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

पेंब्रिजला गेलो. बाबांना फोटो नाही, थेट व्हिडिओ कॉलच लावला. त्यांनी छप्पर, तुळया काही बघितलं नाही. “पाय दाखव,” म्हणाले. मी फोन जमिनीपर्यंत नेला, दगडावरचा खांब दाखवला. जरा वेळ शांतता. मग, “हा तळखडाच आहे की. आपल्या वाड्यात असाच होता.” त्या दिवसापासून सुताराला टोपीवाला म्हणणं बंद.

किट रद्द. त्या सुतारानेच मार्चमध्ये दोन दिवसांत चौकट उभी केली, खाली दगडी बैठका, आढं 2.96 मीटर. आतलं दार जागेवर आहे. फरशी थांबवली आहे, सध्या खडी टाकलीय आणि ती सगळ्यांच्या बुटांतून घरात येते. काचेचे पैसे उरले नाहीत. व्हार्निशबाबत बायको अजून बोलत नाही, पण डबा माळ्यावर गेलाय.

डावीकडच्या खांबाला पहिली फट गेल्या आठवड्यात पडली. एक पौंडाचं नाणं तिच्यात उभं बसतं. बाबांना कळवलं. म्हणाले, दोन बसायला लागली की सांग.