मशीनवर शून्य येऊनही स्टेअरिंग थरथरते: बॅलन्सिंगची कोणती पद्धत निवडावी?

नमस्कार. माझ्या गाडीला १८५/६५ आर १५ मापाचे चार नवे ट्यूबलेस टायर बसवल्यापासून ताशी ८५ ते ९५ किलोमीटरच्या दरम्यान स्टेअरिंग थरथरते आणि वेग शंभराच्या जवळ गेला की थरथर बरीच कमी होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेहमीचे जाणे-येणे असल्यामुळे गाडी नेमकी याच वेगात बराच वेळ असते. गाडी एका बाजूला ओढत नाही आणि ब्रेक दाबल्यावर थरथर वाढत नाही, त्यामुळे अलाइनमेंट किंवा ब्रेक डिस्क यांच्यावर माझा संशय नाही. पुढची चाके मागे आणि मागची पुढे घेतल्यावर स्टेअरिंग शांत झाले, पण तीच थरथर सीटखाली जाणवू लागली. यावरून दोष हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागात, नसून चाकात किंवा टायरमध्ये आहे, असे मी धरून चाललो आहे.

टायर बसवले त्या दुकानात बॅलन्सिंग केले होते, म्हणजे चाक मशीनवर फिरवून वजनाचा फरक मोजला आणि रिमच्या कडेला छोटी वजने लावून तो भरून काढला; शेवटी चारही चाकांवर मशीनने शून्य (फरक नाही) दाखवले होते. नंतर दुसऱ्या दुकानात मी एक तपासणी मुद्दाम करून घेतली. शून्य आलेले चाक सैल करून मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा फिरवायचे, पुन्हा घट्ट करायचे आणि पुन्हा फिरवून पाहायचे. चाक मशीनवर मध्यावर बसले असेल तर शून्य कायम राहायला हवे. माझ्या चाकावर १५ ग्रॅम आले. तिथल्या कारागिराने चाक उतरवले, रिमच्या मधल्या छिद्राच्या कडेला साचलेला गंज आणि मळ तारेच्या ब्रशने घासून काढला, चाक शाफ्टच्या मध्यावर धरणारा शंकूसारखा भाग (कोन) बाहेरून न लावता आतल्या बाजूने लावला आणि मशीन पाच ग्रॅमच्या टप्प्यावरून बारीक मोजमापावर आणले. त्यानंतर चाक कसेही फिरवून बसवले तरी शून्य कायम राहिले. थरथर निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही.

वीस ग्रॅमने काय बिघडते, असे मला अनेकांनी विचारले, म्हणून हिशेब मांडतो. या मापाचे चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. रिमच्या कडेशी, म्हणजे मध्यापासून साधारण १९ सेंटिमीटरवर, वीस ग्रॅमचा फरक असला तर तेवढ्या वेगात सुमारे तीन किलो वजनाइतका जोर प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत हबला ओढत राहतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शहरात ताशी ४० च्या वेगाला काहीच कळत नाही.

आता पद्धतींविषयी. बुडबुड्याच्या जुन्या यंत्रावर चाक आडवे ठेवून करतात ते स्थिर बॅलन्सिंग मला पुरेसे वाटत नाही, कारण रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांवर समोरासमोर असलेला फरक चाक फिरल्याशिवाय दिसतच नाही. चाक गाडीवरच ठेवून केलेल्या बॅलन्सिंगमध्ये हब आणि डिस्क यांचाही हिशेब होतो, हे खरे. परंतु पुढे चाक उतरवले की ते हबवर त्याच खुणेला परत बसवावे लागते आणि चाकांची अदलाबदल केली की सगळे काम पुन्हा करावे लागते. टायरच्या आत सुटे बारीक मणी टाकून बॅलन्सिंग करण्याची पद्धत ट्रकवाल्यांकडून ऐकली आहे, पण मणी फक्त वजनाचा फरक भरून काढू शकतात.

माझी खरी शंका इथेच आहे. साधे मशीन वजन मोजते. टायर गोलाईत कमी-जास्त असेल किंवा त्याची भिंत एका जागी अधिक ताठ असेल, तर भार पडल्यावर तो दर फेऱ्याला उसळेल आणि मशीन मात्र शून्यच दाखवील. ज्या चाकावर सर्वांत जास्त, दोन्ही कडा मिळून ८५ ग्रॅम वजन लावावे लागले, त्याच चाकाच्या टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे. हा ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो आणि तो व्हॉल्व्हजवळ ठेवण्याची पद्धत आहे. बाकीच्या तिन्ही चाकांवर तो व्हॉल्व्हजवळच आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो: आधी हा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून घ्यावा, की डायल गेज (बारीक चढ-उतार काट्यावर दाखवणारे मापक) लावून रिम आणि टायर यांची गोलाई वेगवेगळी मोजून घ्यावी? की थेट रोड-फोर्स मशीनवर, म्हणजे टायरवर रोलर दाबून ताठपणा मोजणाऱ्या यंत्रावर, जावे? असे यंत्र पुणे किंवा पिंपरी-चिंचवड परिसरात कोणी वापरले असल्यास त्याचा दर आणि आलेला फरक कृपया कळवावा. दुकानदार टायर बदलून द्यायला तयार आहे, पण दोष टायरचाच असल्याचे मोजमाप मागतो. असे कोणत्या यंत्राचे आकडे ग्राह्य धरले जातात, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.